शाळेचें पत्र घरच्यांस



खेड्यांतील शाळेंत शिकणाऱ्या मुलाविषयीं त्याच्या घरच्यांस काय कळतें, केव्हां कळतें आणि कोणत्या भाषेंत कळतें, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय दिसावयास लहान आहे. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस तर तो कदाचित् विषयच वाटणार नाहीं. कारण त्यांच्या घरीं शाळेच्या निरोपांची उणीव नसते. उद्यां कोणता गणवेश घालावयाचा, चाचणी कोणत्या धड्यावर आहे, सहल कधीं निघणार, हें सारें सायंकाळीं आईच्या फोनवर येऊन पडतें. मुलाची वही चाळून त्याचें कोठें अडलें हें ओळखणारें माणूसही घरांतच असतें. परंतु ज्या घरांतून शाळेची पायरी चढलेलें पहिलें माणूस म्हणजे तें मूलच, त्या घरास शाळेंत काय चाललें आहे हें शाळेनेंच सांगितलें पाहिजे. दुसरें सांगणारें कोणी नाहीं. अशा ठिकाणीं हा लहान विषय मुलाच्या साऱ्या शिक्षणाचा विषय होऊन बसतो.

मी ज्या मुलुखाच्या आधारें बोलणार आहें, तो म्हणजे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यांतील आखाडा बाळापूर हें मोठें गांव व त्याच्या भोंवतालचीं खेडीं आणि तांडे. हिंगोलीहून नांदेडास जाणाऱ्या हमरस्त्यावर बाळापूर लागतें, आणि आसपासच्या खेड्यांची तीच बाजारपेठ आहे. जमीन काळी, पिकें मुख्यत्वें सोयाबीन, कापूस आणि हळद. येथें घरचें शेत आणि मुलाची शाळा हीं एकाच पंचांगानें चालत नाहींत. जूनमध्यें शाळा उघडते तेव्हां पेरणीची घाई असते. पहिल्या सत्राची चाचणी येते तेव्हां सोयाबीनची काढणी निघते. दिवाळीच्या पुढेंमागें कापसाची वेचणी चालते. आणि दुसऱ्या सत्राचे महत्त्वाचे दिवस येतात तेव्हां हळद काढणें, शिजविणें, वाळविणें यांत घरचें प्रत्येक माणूस गुंतलेलें असतें. शाळा ज्या दिवशीं पालकांस बोलावते, तो दिवस त्यांच्या मजुरीचा असतो. सभेस दहाच पालक आले म्हणजे “या लोकांना मुलांची पर्वा नाहीं” असें म्हणण्याचा प्रघात आहे. हा निष्कर्ष मला मान्य नाहीं. ज्यानें एका दिवसाची मजुरी बुडवून यावें, त्यास त्या सभेंत स्वतःच्या मुलाविषयीं एक तरी नवी गोष्ट कळते काय, हें आधीं पाहिलें पाहिजे.

शाळेच्या कागदाविषयीं या भागांत जो संकोच दिसतो, त्यास थोडा इतिहासही आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता. संस्थानच्या कारभाराची भाषा उर्दू होती, आणि 1918 सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षणही उर्दूंतूनच मिळत असे. मराठी बोलणाऱ्या कुळंब्याच्या हातीं सरकारी कागद आला तर तो दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागे, आणि बहुधा त्यांत कांहीं देणें किंवा कांहीं आज्ञा असे. पुढें 1 नोव्हेंबर 1956 रोजीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, 1 मे 1960 रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि 1 मे 1999 रोजीं परभणी जिल्ह्यांतून हिंगोली हा निराळा जिल्हा झाला. कागदाची भाषा मराठी झाली. परंतु कागद म्हणजे वरून आलेली कांहीं तरी मागणी, ही समजूत आजोबांकडून बापाकडे आणि बापाकडून मुलाकडे उतरत आली. अजूनही गुरुजींनीं बोलाविलें आहे असें मुलानें घरीं सांगितलें, तर बापाचा पहिला प्रश्न “काय केलंस?” हाच असतो. मूल चांगलें वाचूं लागलें, म्हणून शाळेनें बोलाविलें असेल, असें त्याच्या मनांत येत नाहीं. कारण तशासाठीं त्याला कधीं कोणीं बोलाविलेलें नसतें.

वास्तविक कायद्यानें ही गोष्ट शिक्षकाच्या कर्तव्यांतच घातलेली आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा 2009 चा अधिनियम 1 एप्रिल 2010 पासून अमलांत आला. त्याच्या 24 व्या कलमांत असें आहे कीं, शिक्षकानें पालकांच्या नियमित सभा घ्याव्या, आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, शिकण्यांत त्यानें केलेली प्रगति व इतर उपयुक्त माहिती त्यांस द्यावी. 21 व्या कलमानें शाळा व्यवस्थापन समिति नेमावयाची असून तिच्या सभासदांपैकीं निदान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. याहून स्पष्ट काय सांगावयाचें? परंतु प्रत्यक्ष सभेंत वेळ जातो तो आधार क्रमांक, बँकेचें खातें, गणवेशाचें माप, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि पोषण आहार यांतच. हीं कामें निरुपयोगी आहेत असें मी म्हणत नाहीं. गरिबाच्या मुलास तीं अवश्य हवींत. पण सभा संपतां संपतां एखादा पालक उठून विचारतो, “आमचं पोरगं कसं आहे?” आणि उत्तर मिळतें, “ठीक आहे. जरा घरीं अभ्यास घ्या.” ज्या घरीं अभ्यास घेणारें कोणी नाहीं, तेथें या उत्तराचा अर्थ कांहींच होत नाहीं.

आतां प्रगतिपत्रकाकडे वळूं. महाराष्ट्रांत 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानें सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धति सुरू झाली. वर्षाच्या शेवटीं एकदांच परीक्षा घेऊन निकाल लावण्याऐवजीं मूल शिकत असतांनाच त्याच्या शिकण्याची नोंद ठेवावी, आणि गुणांबरोबर वर्णनात्मक शेरा लिहावा, हा तिचा हेतु. हेतु उत्तम होता. ‘वर्णनात्मक नोंद’ म्हणजे मूल काय करूं लागलें हें चार शब्दांत घरच्यांस सांगणें. परंतु पुढें अशा नोंदींच्या तयार याद्या निघाल्या, आणि कित्येक ठिकाणीं एकच वाक्य तीस मुलांच्या पत्रकांवर उतरलें. एका माउलीनें आपल्या मुलाचें पत्रक माझ्यापुढें धरून विचारलें होतें, “गुरुजी, ह्ये ब-दोन म्हंजी पोराला वाचता येतंय म्हनायचं का न्हाई?” तिच्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मीं शिक्षणावरील पुष्कळशा ग्रंथांतही पाहिलेला नाहीं. तिला श्रेणी नको होती. मुलास वाचतां येतें किंवा नाहीं एवढें हवें होतें, आणि तेवढेंच त्या पत्रकांत नव्हतें.

वाचतां येतें किंवा नाहीं, हा प्रश्न किती खरा आहे, याची साक्ष ‘असर’ या नांवानें ओळखली जाणारी पाहणी देते. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानें ती 2005 सालीं सुरू झाली. तिची रीत साधी आहे. पाहणी करणारा मनुष्य खेड्यांतील घरीं जातो, आणि मुलास एका कागदावरील अक्षरें, शब्द, लहान परिच्छेद व दुसरीच्या पातळीची एक गोष्ट वाचावयास देतो. 2018 सालीं देशाच्या ग्रामीण भागांत तिसरींतील शंभर मुलांपैकीं सुमारें 27 मुलें ती गोष्ट वाचूं शकत होतीं. साथीमुळें 2020 च्या मार्चपासून शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या, आणि 2022 सालीं ही संख्या 20 ते 21 वर आली. 2024 सालीं ती पुन्हा 27 च्या आसपास गेली. म्हणजे चांगल्या वर्षींसुद्धां तिसरीच्या दर चार मुलांपैकीं जेमतेम एकच मूल खालच्या इयत्तेचा मजकूर नीट वाचतें. मला या आंकड्यांइतकीच ती रीत महत्त्वाची वाटते. मूल वाचतें किंवा अडखळतें तें घरच्यांच्या डोळ्यांदेखत. कित्येक आईबापांस आपल्या मुलाचें वाचन प्रथम ऐकावयास मिळालें तें अशा परक्या माणसाच्या निमित्तानें.

हें वेळेवर न कळण्याचा परिणाम काय होतो, तें पहा. 2009 च्या कायद्याप्रमाणें आठवीपर्यंत कोणत्याही मुलास त्याच वर्गांत मागें ठेवतां येत नसे. मुलाच्या पाठीवर नापासाचा शिक्का बसूं नये ही भावना योग्यच होती. परंतु नापास होणें हीच एक बातमी ज्या घरास समजत होती, त्या घराची तीही बातमी बंद झाली, आणि तिच्या जागीं दुसरी कोणती गेली नाहीं. मूल दरवर्षीं वर चढत होतें. घरच्यांस वाटे, सारें ठीक चाललें आहे. मग नववींत एकाएकीं कळावयाचें कीं, त्याला मराठीचा उतारा वाचतां येत नाहीं आणि भागाकार येत नाहीं. मुलगी असली तर तिची शाळा तेथें थांबावयाची, मुलगा असला तर त्यानें कामास जावयाचें. 2019 च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीस परीक्षा ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली, आणि 2023 सालीं महाराष्ट्रानें तसा नियम केला. आतां ती बातमी पांचवींत पोहोंचेल. पण दुसरींत जी गोष्ट सहज सांगतां आली असती व दोन महिन्यांत सुधारली असती, ती पांचवींत निकाल म्हणून सांगणें हें बातमी देणें नव्हे. पाणी डोक्यावरून गेल्यावर विहिरीची खोली सांगण्यासारखें तें आहे.

तर मग घरच्यांस काय सांगावें आणि कसें सांगावें? माझ्या मतें शाळेच्या पत्रांत चार गुण असले पाहिजेत.

पहिला गुण हा कीं, त्यांत एका वेळीं एकच गोष्ट असावी, आणि ती मुलास काय येऊं लागलें याविषयीं असावी. “गणितांत प्रगति समाधानकारक” हें वाक्य कोणत्याही मुलास लागू पडतें, म्हणून तें कोणाचेंच नव्हे. “तुमची मुलगी आतां हातचा घेऊन वजाबाकी करते, भागाकार अजून जमत नाहीं, तो पुढील महिन्यांत घेऊं,” हें वाक्य एकाच मुलीचें आहे. तिच्या बापास तें कोणीं वाचून दाखविलें तरी समजेल, कारण वजाबाकी तो दररोज तोंडानें करीत असतो.

दुसरा गुण हा कीं, ती गोष्ट घरच्यांस स्वतः पडताळून पाहतां यावी. हें निरक्षर आईस कसें शक्य आहे, असा प्रश्न येईल. त्याचें उत्तर मला आमच्या रस्त्यावरच सांपडतें. बाळापुरास उभें राहिलें कीं एस. टी.च्या गाड्या येतात व जातात, आणि प्रत्येकीच्या कपाळीं गांवाची पाटी असते. ‘वसमत’ या शब्दांत काना नाहीं, मात्रा नाहीं, वेलांटी नाहीं. पहिलींतील मुलानें दिवाळीपर्यंत तो वाचावा. ‘कळमनुरी’ वाचावयास उकार व वेलांटी यावी लागते. ‘हिंगोली’ या शब्दांत अनुस्वार आणि ओकार आहेत. आणि ‘अर्धापूर’ जो न अडखळतां वाचतो त्याला रफार येतो. तो जोडाक्षरांच्या दारांत येऊन पोहोंचला. मुलाची आई यांतलें एक अक्षर जाणत नसेल; पण कोणती गाडी कोठें जाते हें ती वाहकाच्या ओरडण्यावरून आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवरून पक्कें जाणते. शाळेनें तिला एवढेंच कळवावें कीं, “या महिन्यांत तुमचा मुलगा वसमत आणि कळमनुरी वाचूं लागला, अर्धापूर अजून येत नाहीं.” मग बाजाराच्या दिवशीं थांब्यावर उभ्या असलेल्या त्या बाईस परीक्षक होण्यासाठीं दुसरी कोणतीही विद्या नको. तसेंच गणिताचें. हळद विकून आल्यावर अडत्याची पट्टी घरीं येते. तिच्यावर क्विंटल, किलो, भाव आणि वजा केलेले खर्च असतात. चौथीच्या मुलीनें ती वाचून बापास एकूण रक्कम सांगितली, तर तिच्या शिकण्याचा दाखला मुख्याध्यापकाच्या सहीवांचून मिळाला.

तिसरा गुण म्हणजे वेळ. पत्र वेळेवर आलें पाहिजे. आणि वेळ म्हणजे घराची वेळ. पेरणीच्या व वेचणीच्या दिवसांत दुपारची सभा ठरवून पालकांची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. संध्याकाळीं मारुतीच्या पाराजवळ किंवा तांड्याच्या मधोमध अर्ध्या तासाची बैठक घेतली, तर बायकाही येतात. 2022 सालीं राज्यांत ‘पहिले पाऊल’ या नांवानें शाळापूर्व तयारीचे मेळावे झाले, आणि गांवोगांव मातांचे गट करण्यांत आले. पहिलींत येणाऱ्या मुलाकडून घरच्या घरीं काय करून घ्यावें, तें आयांस चित्रांच्या पत्रकांवरून व एकमेकींशीं बोलून कळावें, अशी ही योजना होती. यांतील मर्म असें कीं, एकीला वाचतां येत असलें तरी सहा जणींचें काम भागतें. शाळेचें पत्र प्रत्येक घरांत वाचलें जाण्याची वाट पाहूं नये. एका ओसरीवर तें मोठ्यानें वाचलें गेलें तरी पुरे.

चौथा गुण अत्यंत महत्त्वाचा. तो असा कीं, पत्रास उत्तर देतां आलें पाहिजे. शाळेस घराकडून पुष्कळ शिकावयाचें असतें. आईला ‘याडी’ म्हणणारें बंजारा मूल पहिलींत गप्प बसतें तें मंद म्हणून नव्हे. त्याच्या घरची बोली गोरमाटी आणि पुस्तकाची भाषा मराठी. वर्गांत तोंड न उघडणारी तीच पोर घरीं धाकट्या भावंडास लांबच लांब गोष्टी सांगते, ही बातमी शाळेस आईनेंच द्यावयाची आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस बाहेरगांवीं जाणाऱ्या घरांचीही तीच गोष्ट. कुटुंब कोणत्या दिवशीं निघणार आणि मूल बरोबर जाणार किंवा आजीपाशीं राहणार, हें शाळेस आधीं कळलें, तर हंगामी वसतिगृहाची सोय पाहतां येते. मूल गेलेंच तर त्याच्या हातीं शिक्षण हमी पत्रक देतां येतें, म्हणजे जेथें जाईल तेथील शाळेंत त्याचें शिक्षण पुढें चालूं शकतें. पण निघण्याची बातमी शाळेस देईल तोच बाप, ज्याला शाळेनें पूर्वीं कधीं तरी एखादी चांगली बातमी दिली असेल. विश्वास हा आयत्या वेळीं उसना मिळत नाहीं.

हल्लीं कोणी म्हणेल कीं, फोन आल्यावर आतां हा सारा प्रश्न उरलाच नाहीं. फोन आले हें खरें. ‘असर’च्याच पाहणीप्रमाणें ग्रामीण भागांत शाळेंत नांव असलेल्या मुलांपैकीं 2018 सालीं सुमारें 36 टक्के मुलांच्या घरीं स्मार्टफोन होता, आणि 2021 सालीं सुमारें 68 टक्के मुलांच्या घरीं. परंतु त्याच पाहणींत असेंही आढळलें कीं, फोन असलेल्या घरांतील सुमारें चौथ्या हिश्श्याच्या मुलांच्या हातीं तो मिळतच नव्हता. फोन बापाच्या खिशांत शेतावर जातो. त्यांतील शाळेचा निरोप शंभर शुभेच्छांच्या खालीं दबतो. आणि लेखी निरोप न वाचणाऱ्यास तो असून नसल्यासारखा. तथापि त्यांत एक मोठी सोय आहे, ती म्हणजे आवाज. गुरुजींनीं स्वतःच्या आवाजांत दोन वाक्यें सांगून पाठविलीं, तर निरक्षर आजीही तीं तीनदां ऐकूं शकते. मात्र एका मुलाची उणीव साऱ्या पालकांच्या गटावर कधीं सांगूं नये. चारचौघांत वाचलेली उणीव म्हणजे बोभाटा. त्यानें मूल शाळा चुकवूं लागतें, आणि बाप सभेस येईनासा होतो. उणें सांगावयाचें तें एकट्यास, समोर बसून, आणि उपायासह सांगावें.

शाळेच्या शब्दावर गांवाचा विश्वास असणें हें केवळ अभ्यासापुरतें उपयोगी नाहीं. 21 मार्च 2024 व 10 जुलै 2024 या दोन्ही दिवशीं सकाळीं हिंगोली जिल्ह्यांत 4.5 तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले, आणि ते शेजारच्या जिल्ह्यांतही जाणवले. अशा सकाळीं आईबापांस तीन गोष्टी हव्या असतात : शाळेची इमारत पाहिली काय, आज शाळा भरणार काय, आणि धक्का बसला तर काय करावें हें मुलांस शिकविलें आहे काय. त्याच वेळीं फोनवर अफवाही धांवत असतात. ज्या शाळेचें पत्र वर्षभर खरें व वेळेवर येत आलें, तिचा शब्द लोक अफवेपेक्षां वर धरतात. जी शाळा फक्त मागण्या पाठविते, तिचें खरें बोलणेंही गोंगाटांत बुडून जातें.

पत्र लिहिण्याचें सारें काम शिक्षकानेंच केलें पाहिजे असें नाहीं. फ्रान्समधील बार-सुर-लू या खेड्यांतील शाळेंत 1920 सालीं सेलेस्तँ फ्रेने नांवाचा शिक्षक रुजू झाला. पहिल्या महायुद्धांत फुप्फुसास झालेल्या जखमेमुळें त्याला वर्गांत फार वेळ बोलवत नसे. त्यानें मुलांस गांवांत हिंडवून आणलें, पाहिलेलें लिहावयास सांगितलें, आणि एका लहानशा हातछापखान्यावर तें त्यांच्याच हातीं छापविलें. तीं पानें घरीं गेलीं, आणि दूरच्या शाळांकडेही गेलीं. आपल्याकडेही कल्पना अपरिचित नाहीं. 1945 सालीं ताराबाई मोडकांनीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें, आणि मुलें शाळेकडे येत नाहींत तर शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामांतून आला. आमच्या शाळांत परिपाठ आहे, भित्तिपत्रक आहे, हस्तलिखित आहे. तिसरी-चौथीच्या मुलांनीं आठवड्यास एक पान लिहावें : या आठवड्यांत आम्हीं काय शिकलों, काय अजून जमत नाहीं, शाळेंत काय घडलें. तें पान त्यांनींच घरीं मोठ्यानें वाचून दाखवावें. त्या एका पानांत बातमीही आली, आणि वाचतां येतें याचा पुरावाही आला.

यावर शिक्षकांची अडचण मला ठाऊक आहे. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, आणि त्यांत माहिती भरण्याचीं कामें. म्हणूनच मी दररोजचें पत्र मागत नाहीं. एका वर्गांत तीस मुलें धरलीं आणि प्रत्येकाच्या घरीं महिन्यास दोन वाक्यें जावयाचीं ठरविलीं, तर रोज एक-दोन मुलांचा विचार करावा लागतो. तो विचार करतांना शिक्षकालाही एक लाभ होतो. या मुलाविषयीं काय लिहावें हें सुचत नाहीं, असें ज्याच्या बाबतींत घडलें, तें मूल महिनाभर आपल्या डोळ्यांपुढें असून दिसलें नाहीं, हें त्याला कळून येतें. बहुधा तींच मुलें मागल्या रांगेंत बसणारीं असतात. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांतही प्रगतिपत्रक हें घर आणि शाळा यांस जोडणारा दुवा व्हावें, आणि त्यांत शिक्षकाबरोबर मुलाचें स्वतःचें व सोबत्यांचें मतही असावें, असें म्हटलें आहे. त्याप्रमाणें समग्र प्रगतिपत्रकाचे नमुनेही निघाले आहेत. नमुना कितीही पानांचा असो. त्या माउलीच्या प्रश्नाचें उत्तर त्यांत पहिल्या पानावर आहे काय, एवढीच त्याची कसोटी मी धरीन.

हें भाषण ऐकणाऱ्या सुशिक्षित शहरी श्रोत्यांचा या गोष्टीशीं काय संबंध, असें कोणास वाटेल. संबंध आहे. आपल्यांपैकीं कित्येकांचे भाऊ, मामा, चुलते अजून गांवीं आहेत. कित्येकांच्या घरीं कामास येणाऱ्या बाईचीं मुलें अशाच शाळांत शिकत आहेत. सणासुदीस आपण गांवीं जातों आणि पुतण्याला विचारतों, “कितवा नंबर आला?” त्या प्रश्नास तो मान खालीं घालतो किंवा एक आंकडा सांगतो, आणि संभाषण संपतें. त्याऐवजीं त्याला जवळ बसवावें, घरांत जें पुस्तक, पंचांग किंवा वर्तमानपत्राचा तुकडा असेल तो त्याच्याकडून वाचवून घ्यावा, आणि त्याच्या आईस शांतपणें सांगावें : “वहिनी, हा जोडाक्षरांवर अडतो, बाकीचें छान वाचतो. गुरुजींना एवढें विचारा.” एवढ्या वाक्यानें ती बाई शाळेंत जाईल तेव्हां रिकाम्या हातांनीं जाणार नाहीं. तिच्यापाशीं एक नेमका प्रश्न असेल, आणि नेमक्या प्रश्नास “ठीक आहे” हें उत्तर देतां येत नाहीं.

खेड्यांतील आईबाप मुलांस शाळेंत घालतात तें मोठ्या आशेनें. उन्हांत हळद शिजवितांना मुलगी शाळेंत आहे एवढ्यावर त्यांचें समाधान असतें. ती तेथें शिकत आहे किंवा नुसती बसली आहे, हें कळण्याचा हक्क त्यांस कायद्यानें मिळाला आहे. कायद्याचें तें कलम महिन्यास दोन साध्या वाक्यांच्या रूपानें त्यांच्या ओसरीवर पोहोंचावें, एवढेंच माझें मागणें आहे.